सीडी डेक सारखा अडकतोय? लेन्स बदलायच्या आधी एवढं बघा

आपल्याकडं डीजे म्हटलं की ट्रॅक्टर ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यासमोर येते, पण मी बोलतोय ते टेबलावर मिक्सरच्या दोन बाजूला ठेवतात त्या सीडी डेकबद्दल. वर गोल चकती, उजवीकडं टेम्पोची सरकपट्टी, पुढं सीडी घालायची फट. आता सगळे पेनड्राइव्ह नाहीतर लॅपटॉपवर गेलेत, खरंय, पण सेकंडहँड डेक स्वस्तात मिळतो म्हणून शिकणारी पोरं अजून तोच घेतात, आणि गणपती पंधरा दिवसांवर आले की माझा फोन सुरू होतो. फोनवरचं वाक्य ठरलेलं, "दादा, लेन्स गेली वाटतं."

लेन्स म्हणजे सीडी वाचणाऱ्या लेसरचं भिंग, आणि बऱ्याचदा ती गेलेली नसते. मी हे काम इतक्यांदा केलंय की आता फोनवरच आधी चार प्रश्न विचारतो आणि निम्मे डेक माझ्यापर्यंत यायच्या आतच चालू होतात. तेच प्रश्न इथं लिहून टाकतो, म्हणजे तुमचा एक हेलपाटा वाचेल आणि माझं जेवण गार होणार नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

"अडकतंय" म्हणून सांगू नका, त्यातून काहीच कळत नाही. यातलं तुमचं कुठलं ते बघा:

- सीडी आत जाते, फिरल्याचा आवाज येतो, मग नो डिस्क किंवा एरर दाखवून गप्प.
- सुरुवातीची गाणी ठीक, शेवटची दोन-तीन अडकतात. किंवा बरोबर उलटं, सुरुवातीलाच रडतं आणि एकदा लागलं की मग चालतं.
- घरी झकास, मांडवात बेस लागला की टक टक टक.
- सीडी अर्धी आत जाऊन परत बाहेर येते, किंवा आत गेली ती गेलीच.
- गाणं आपोआप थांबतं, आपोआप सुरू होतं, किंवा एक झालं की पुढचं लागतच नाही.
- वाजतंय, पण आवाज फाटलेला, एकाच बाजूनं, नाहीतर मागं सारखी घुंईईई.

शेवटच्या दोन प्रकारांचा लेन्सशी काही संबंधच नसतो. आणि तिसऱ्याचा दोष डेकपेक्षा टेबलाचा जास्त असतो. हे एवढं लक्षात आलं तरी अर्धं काम झालं.

पायोनियर कंपनीचे डेक ज्यांच्याकडं आहेत त्यांना एक सोय आहे, बऱ्याच मॉडेलवर एररचा नंबर येतो. ई-७२०१ म्हणजे सीडीच्या सुरुवातीला गाण्यांची यादी असते तीच वाचता येत नाहीये. ई-८३०१ सारखे ८३ ने सुरू होणारे म्हणजे सीडी घेतली पण वाजवता येत नाही, त्यातलं ई-८३०५ फाइलच्या फॉरमॅटबद्दल बोलतं. आणि ई-९१०१ म्हणजे आतली हालचाल वेळेत पूर्ण झाली नाही, थोडक्यात मेकॅनिझम. नंबर दिसला की लगेच मोबाइलवर फोटो काढा, कारण बंद-चालू केल्यावर तो जातो आणि मग "काहीतरी ई का काय होतं दादा" एवढंच राहतं.

प्लग लावायच्या आधी, फक्त नवीन आणलेल्या सेकंडहँडवाल्यांसाठी

मागं किंवा खाली चिकटवलेली पट्टी वाचा, व्होल्टेज किती लिहिलंय. जपानमधनं आलेला डेक १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२०. आपल्याकडं २३०. प्लगला अडॅप्टर लावला म्हणजे झालं असं समजून थेट बोर्डात घातला की एक बारीक आवाज येतो, थोडा वास येतो, आणि मग खाली लिहिलेलं काहीच वाचायची गरज राहत नाही. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. ही तपासणी फुकट आहे, नुसतं वाचायचंय, आणि तरीही दरवर्षी एक तरी जळका डेक माझ्याकडं येतोच.

पहिला संशय सीडीवर

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त वेळा खरं निघणारं कारण हेच. घरात कुठंतरी कंपनीत छापलेली ओरिजिनल ऑडिओ सीडी असेल, आजोबांची अभंगांची चालेल, नाट्यगीतांची चालेल, ती घाला. ती पहिल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत बिनतक्रार वाजली तर डेक बरा आहे आणि तुमची राइट केलेली सीडी आजारी आहे. विषय संपला. मी एक अशी सीडी डेकच्या बॅगेतच ठेवतो, मार्करनं वर "टेस्ट, कुणी हात लावू नये" लिहून.

असं का होतं? लेसर सीडीवर पडतो आणि परत किती उजेड येतो यावर सगळं चाललेलं असतं. छापील सीडी सत्तर टक्क्यांच्या वर उजेड परत फेकते, राइट केलेली सीडी-आर त्याच्या आसपास पण जरा कमी, आणि परत परत पुसून लिहायची सीडी-आरडब्ल्यू तर पंधरा ते पंचवीस टक्केच. म्हणजे म्हातारा लेसर आधी आरडब्ल्यूवर हात टेकतो, मग स्वस्तातल्या सीडी-आरवर, छापील सगळ्यात शेवटी. डेक छापील घेतो पण राइट केलेली घेत नाही असं झालं तर लगेच घाबरू नका, आधी चांगल्या ब्लँक सीडीवर हळू स्पीडनं राइट करून बघा. मी १६ च्या वर जात नाही. ५२ नं केली तरी चालते म्हणणारे भरपूर भेटतात, त्यांच्याच सीड्या माझ्याकडं येतात.

राइट करताना अजून दोन गोष्टी चुकतात. एक, सीडी फायनलाइज केलेली नसते, म्हणजे लिहून झाल्यावर बंद केलेली नसते. कॉम्प्युटरवर ती दिसते, डेकला दिसत नाही. दुसरी, एमपीथ्री फाइली तशाच ओढून टाकलेल्या असतात. जुने बरेच डेक फक्त ऑडिओ सीडी वाजवतात, त्यांना एमपीथ्री म्हणजे काय ते माहितीच नाही. तुमचा डेक एमपीथ्री वाजवतो का ते पुढच्या पॅनलवर किंवा पुस्तिकेत बघा, नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ सीडी हाच पर्याय निवडून राइट करा. ८० मिनिटंच बसतात मग, दीडशे गाणी नाही बसणार, त्याला इलाज नाही.

आता सीडी हातात घ्या. कडेनं धरा, ट्यूबलाइटसमोर आडवी करा आणि आरपार बघा. सुईनं टोचल्यासारखे उजेडाचे बारीक ठिपके दिसतात? तिथला चकाकणारा थर उडालाय, ती सीडी गेली, कितीही पुसा. लोक चमकणारी बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात, खरं तर चकाकी असते ती वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली, वर नुसता लाखेचा पातळ थर, आणि खालच्या बाजूला मात्र मिलिमीटरभराहून जाड प्लॅस्टिक असतं. म्हणजे वरचा ओरखडा जास्त महागात पडतो. खालचे ओरखडे, बोटांचे ठसे, सरबताचे डाग पुसता येतात, पण पुसायचं मधनं बाहेर, सरळ रेषेत. गोल गोल पुसलं आणि ओरखडा पडला तर तो गाण्याच्या वाटेवरनं लांबपर्यंत जातो आणि एका ओळीतला बराच मजकूर खातो, आडवा ओरखडा मात्र प्रत्येक फेऱ्यात एवढासाच आडवा येतो, तेवढं मशीन स्वतःच भरून काढतं.

आणि हो, कागदी स्टिकर. लग्नाच्या सीडीवर नवरा-नवरीच्या फोटोचा गोल स्टिकर चिकटवलेला असतो ना, तो फटवाल्या डेकमध्ये कधीच घालायचा नाही. सीडी १.२ मिलिमीटर जाड, त्यावर कागद, आत रबरी रोलर, डेक तापला की गोंद सुटतो, आणि मग तो फोटो आत आणि सीडी पण आत. मी नवरदेवाचा अर्धा चेहरा चिमट्यानं बाहेर काढलाय एकदा.

मग सेटिंग, कारण इथं पैसे लागत नाहीत

गाणं संपलं की डेक थांबतो, पुढचं लागत नाही, हा बिघाड नाही. ऑटो क्यू चालू आहे. डीजेला प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला डेक तयार उभा हवा असतो म्हणून ती सोय दिली आहे. टाइमच्या बटणावरच ती बहुतेक असते, दाबून धरली की जाते.

मिक्सरचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर केला की गाणं आपोआप सुटतं, खाली आणला की परत सुरुवातीला जातं, तर डेकच्या मागं ऑडिओच्या दोन वायरींशिवाय एक तिसरी बारीक पिनची वायर मिक्सरला गेली असेल. तो फेडर स्टार्ट. वायर काढा किंवा मिक्सरवरचं बटण बंद करा. एकजण या प्रकाराला "शॉट बसलाय" म्हणत दोन दिवस बोर्ड तपासत बसला होता.

गाणं मध्येच थांबतं आणि हात लावला नव्हता अशी शपथ घेता? चकतीवर काय ठेवलंय? पायोनियरचा सीडीजे-१००० हा डेक २००१ साली आला तेव्हापासून चकतीचा वरचा पत्रा दाबला की गाणं तबकडीसारखं थांबायची सोय बऱ्याच डेकमध्ये आली. तिला व्हायनल मोड म्हणतात. तो चालू असेल आणि चकतीवर हेडफोन नाहीतर सीडीचं कव्हर पडलं असेल तर डेकला वाटतं हात ठेवलाय. मोड बदला, तरी होत असेल तर पत्र्याखालची सेन्सरची शीट दमली आहे, ते पुढं.

गाणं चिपमंकसारखं वाजतंय किंवा दारू प्यायल्यासारखं ओढतंय तर टेम्पोची रेंज बघा. ती ६, १०, १६ टक्के आणि वाइड अशी असते. वाइडवर गेली असेल तर सरकपट्टी नखभर हलली तरी गाण्याची वाट लागते. शिकताना ६ किंवा १० वरच ठेवा. पट्टी मधोमध असून आकडा शून्यावर थांबत नाही, नाचतो, तर पट्टीत धूळ आहे. डेक बंद करून पट्टी पन्नासेकदा खालीवर करा, बऱ्याचदा तेवढ्यानं जातं.

टेबल

हा माझा आवडता विषय, कारण इथं कुणी लक्षच देत नाही.

सीडीवरच्या दोन वाटांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीत चाळीसेक वाटा सहज बसतील. लेन्स आतल्या बाजूला, म्हणजे सुरुवातीच्या गाण्यांवर, असताना सीडी मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे घेते, लेन्स बाहेर जाईल तशी हळू होत २०० वर येते, आणि लेन्स त्या वाटेवर खालून, न शिवता, पातळ तारांवर लोंबकळत चालत असते. आता असा डेक तुम्ही घडीच्या पत्र्याच्या टेबलावर ठेवलात, टेबल लाकडी स्टेजवर, आणि त्याच स्टेजवर चार फुटांवर दोन अठरा इंची बेस. तो अडकणार नाही तर काय करेल.

मागं एका हळदीला गेलो होतो, गावातल्याच पोराचा कार्यक्रम, गाणं लागलं की पहिलं कडवं ठीक आणि ढोल सुरू झाला की टक टक. तो म्हणे लेन्स. मी काही न बोलता डेकखाली हात घातला आणि दोन्ही हातांवर उचलून धरला, वायरींसकट, वाजत असतानाच. अडकणं बंद. खाली ठेवला, परत सुरू. पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. मग मंडपवाल्याकडनं गादीचा स्पंज घेतला, त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला, त्यावर डेक, आणि रात्री दहाला स्पीकर बंद करेपर्यंत एकदाही अडकला नाही. नुसता स्पंज चालत नाही बरं का, डेक त्यात रुततो आणि खालच्या हवेच्या फटी बंद होऊन तापतो. वर काहीतरी जड आणि सपाट पाहिजे. आणि ते लेव्हलमध्ये पाहिजे, पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा घरंगळते का.

डेकमध्ये शॉकप्रूफ मेमरी आहे म्हणून बिनधास्त राहू नका. ती काही सेकंद आधीचं वाचून ठेवते, एखादा धक्का खपवते. बेस हा एक धक्का नाही, तो रात्रभर चालणारा धक्का आहे.

पावसाळ्यात अजून एक भानगड. एसी हॉलमधनं किंवा एसी गाडीतनं डेक काढून दमट हवेत आणला की चष्म्यावर जसं धुकं येतं तसं लेन्सवर येतं. कोकणात कार्यक्रम करणाऱ्यांना हे जास्त. डेक तासभर तरी नुसता ठेवून द्या, घाई असेल तरी. हेअर ड्रायर लावू नका, गरम हवेनं फायदा होत नाही, नुकसान होतं.

वायरी

आवाज फाटतो? मिक्सरच्या मागं बघा, डेकची पिन लाइनला आहे का फोनोला. फोनोचं तोंड रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं, त्याचा सिग्नल फारच बारीक असल्यामुळं मिक्सर तो शेकडो पटीत वाढवतो. डेकचा सिग्नल मुळात दणकट, तो तिथं घातला की फाटणारच. काही मिक्सरवर तोंड एकच आणि वर लाइन-फोनो खटका असतो, तो हाताच्या धक्क्यानं पण सरकतो.

एकाच बाजूनं येतो तर लाल-पांढरी डेकच्या टोकाला अदलाबदल करा. मुकी बाजू बदलली तर डेकचं तोंड खराब, नाही बदलली तर वायर किंवा मिक्सर. मग तेच मिक्सरच्या टोकाला करून बघा. दोन मिनिटांचं काम, आणि बहुतेक वेळा शंभर-दीडशेची वायरच निघते.

घुंई येत असेल तर डेक, मिक्सर, अॅम्प सगळं एकाच बोर्डावरनं घ्या. वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगमधला फरक ऑडिओच्या वायरीतनं फिरतो, तोच तो आवाज. काही शहाणे प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात आणि आवाज जातो पण. जनरेटरवर, ओल्या मांडवात, लोखंडी टेबलावर हे करू नका. ती पिन तुमच्या जीवासाठी आहे. एकाच बोर्डावर घेऊनही आवाज जात नसेल तर तिथल्या इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला सांगा, डेकवाल्याला नाही.

गुलाल, भंडारा आणि धूर

आता येते लेन्स. पण गेलेली नाही, मळलेली.

परदेशातल्या लोकांना डेकमध्ये धूळ सापडते, आपल्याला गुलाल सापडतो. मिरवणुकीत वाजलेला डेक उघडला की आत सगळं गुलाबी, बोर्ड गुलाबी, चाकं गुलाबी, लेन्स गुलाबी. जेजुरीला जाऊन आलेला एक डेक आतनं पिवळाधमक होता, हळद रोलरच्या रबरात इतकी बसली होती की सीडी बाहेर येताना तिच्या कडेला पिवळी रेघ यायची. आणि धुराचं मशीन. त्या धुरात ग्लायकॉल असतं, त्याचा चिकट पापुद्रा लेन्सवर बसतो, डोळ्याला नीट दिसत पण नाही, आणि त्या चिकटावर मग गुलाल. ओरिजिनल सीडी, पक्कं टेबल, सगळं करूनही वाचत नाही तर बहुतेक हेच.

न उघडता करता येण्यासारखं थोडंच आहे. कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर मिळतो, त्यानं फटीतनं दहा-बारा वेळा हवा मारा, डेक बंद असताना. तोंडानं फुंकू नका, थुंकी जाते. बारीक ब्रश लावलेली लेन्स क्लिनर सीडी बाजारात मिळते, ती झाकण उघडणाऱ्या साध्या प्लेअरला चालत असेल, फटवाल्या डेकमध्ये मी कधी घालत नाही, ब्रश अडकतो किंवा लेन्सला चापट मारून जातो. कव्हर म्हणाल तर मिरवणुकीत डेकवर ओला नसलेला सुती रुमाल टाका, फटीवर तरी. प्लॅस्टिक नको, तापतो.

सीडी अर्धी जाऊन परत येते ते याच धुळीमुळं. रोलर गुळगुळीत झाला की पकड सुटते.

आत अडकलीच तर चाकू, पट्टी, चिमटा काही घालू नका. पुढच्या बाजूला बारीक भोक असतं, अडकलेली सीडी बाहेर काढण्यासाठीच दिलेलं. डेक बंद करा, प्लग काढा, एक मिनिट थांबा, कारण आत सीडी अजून फिरत असते, मग लांब सरळ तार किंवा सोबत आलेली पिन सरळ आत दाबा. थोडी बाहेर आली की बोटांनी ओढा. लाथ मारायची पद्धत पण आहे, तिचे पैसे मी वेगळे घेतो.

उघडायचं असेल तर

वॉरंटीत असेल तर उघडू नका, आणि स्क्रू ड्रायव्हर कधी हातात धरला नसेल तरी उघडू नका. हे सांगून झालं.

प्लग काढून निदान दहा-पंधरा मिनिटं थांबा. प्लग जिथं आत येतो तिथला पॉवर सप्लायचा बोर्ड, त्याला बोट लावायचं नाही, त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही करंट साठून राहतो. प्रत्येक पायरीला फोटो काढा. स्क्रू कागदावर डेकचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवा, लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला की बोर्डात घुसतो. वरचं झाकण उचलताना झटका देऊ नका, चकतीच्या आणि बटणांच्या चपट्या पट्टीच्या वायरी खाली जोडलेल्या असतात, त्यांच्या सॉकेटला खटका असतो, तो आधी सोडवायचा.

लेन्स दिसेल, डाळीच्या दाण्याएवढी, निळसर झाक असलेली. कानातल्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, ९९ टक्केवालं, मोबाइल रिपेअरच्या दुकानात मिळतं. काडी झटका, जवळजवळ कोरडी वाटली पाहिजे. लेन्सवर टेकवा, वजन न देता, एकदा फिरवा, मग दुसरी कोरडी काडी. लेन्स खालीवर डुलेल, तिला डुलू द्या, ती तारांवरच असते. दाबलीत की तार वाकते आणि मग खरंच लेन्स गेली. थिनर, पेट्रोल, सॅनिटायझर, डिओ यातलं काहीही नाही, लेन्स प्लॅस्टिकची असते, पांढरी पडते. हो, डिओ मारणारा एकजण भेटलाय, सुवासिक डेक.

लेन्सची गाडी ज्या दांडीवर सरकते तिच्यावर जुनं ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं असतं. सुरुवातीची गाणी ठीक आणि शेवटची अडकतात याचं हे एक नेहमीचं कारण, गाडी बाहेरच्या टोकाला जाताना अडखळते. जुनं पुसून काढा, नवीन पांढरं ग्रीस अगदी काडीच्या टोकाएवढं लावा, लेन्सपासून लांब. रोलरचं रबर त्याच अल्कोहोलनं पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत.

उघड्या डेकला करंट देऊन लेसर लागतो का ते बघायचा मोह होतो. त्याची वेव्हलेंग्थ ७८० नॅनोमीटर, जवळजवळ न दिसणारा उजेड. दिसला नाही म्हणून डोळा जवळ नेऊ नका.

इथं थांबा

एवढं करून टेस्ट सीडी वाजत नसेल तर पुढं हात घालू नका, जाणकाराकडं न्या. सुरुवातीलाच रडतो आणि सीडीचा वेग धरताना घरघर येते, तर सीडी फिरवणारी मोटर दमलेली असू शकते, कारण आतल्या बाजूला तिला सगळ्यात जोरात फिरायचं असतं. ते बदलायचं काम उंची जुळवून करावं लागतं. ई-९१०१ परत परत येतो, तेही तसंच. प्ले-क्यूचं बटण एकदा दाबलं की दोनदा लागतं किंवा लागतच नाही, तर खालचा टॅक्ट स्विच झिजलाय, भाग अगदी स्वस्त पण सोल्डरिंग येणाऱ्याचं काम, आणि ते मोबाइलवाला पण करेल. मघाची ती चकतीखालची सेन्सरची शीट, तीही इथंच.

जळका वास, फ्यूज बदलला आणि परत उडाला, बॉडीला हात लावला की झिणझिण्या: लगेच प्लग काढा आणि परत लावूच नका.

लेन्सच्या बाजूला एक बारीक फिरवायचा स्क्रू असतो, व्हिडिओत बघून लोक तो पिळतात. थोडा पिळला की लेसर जोरात लागतो, मेलेला डेक वाजायला लागतो, पोरं खूश. काही दिवसांत लेसर जळतो, आणि मूळ जागा कुठं होती ते कुणालाच माहीत नसतं. तो पिळलेला डेक मी घेत नाही, सरळ सांगतो. नवीन पिकअप, म्हणजे लेन्स आणि लेसरचा अख्खा भाग, बसवायचा तरी त्याच्यावर स्टॅटिकपासून वाचवायला सोल्डरचा एक थेंब दिलेला असू शकतो, वायर जोडल्यावर तो काढायचा असतो, हे न माहीत असल्यामुळं नवे कोरे पिकअप "खराब निघाले" म्हणून परत गेलेत.

खर्चाचं बोलायचं तर आधी भाग मिळतो का आणि ओरिजिनल आहे का ते विचारा. २०२० साली पायोनियरनं सीडीजे-३००० काढला त्याला सीडीची फटच नाही, यावरून वारा कुठं वाहतोय ते कळेल. दुरुस्तीचा आकडा तसल्याच दुसऱ्या चालू डेकच्या निम्म्याच्या वर गेला तर मी स्वतःच नको म्हणतो, जुना भागांसाठी ठेवून द्या.

दुकानात देताना लक्षण काय, कुठल्या सीडीवर, कितव्या गाण्याला, घरी का मांडवात, एररचा फोटो, एवढं चिठ्ठीवर लिहून डेकला चिकटवा. आणि आतली सीडी काढून द्या राव. माझ्या कपाटात कुणाच्या कुणाला माहीत नाहीत अशा अकरा सीड्या पडल्यात, एकीवर मार्करनं "वरात फायनल नवीन २" लिहिलंय, ज्याची असेल त्यानं घेऊन जावी.